सोलापूर ते मंगळवेढा, खिडकीची जागा

महिन्यातून एकदा, बहुधा दुसऱ्या रविवारी, मी आणि माझे वडील सोलापूरहून मंगळवेढ्याला आत्याला भेटायला जातो आणि दर वेळी एसटीनेच जातो. धाकट्या भावाकडे चारचाकी आहे, ‘मी सोडून येतो’ असे तो प्रत्येक वेळी म्हणतो, आणि रस्ता चौपदरी झाल्यापासून त्याच्या गाडीने आम्ही तासाभरात आत्याच्या दारात पोहोचूही शकतो. तरीही आबा आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवतात आणि त्याला सांगतात, “तू कशाला तसदी घेतोस बाळा, आम्ही येष्टीनं जातो की. तुझ्या गाडीत माणसं नसत्यात.” भावाला हे वाक्य थोडे लागते, पण आबांच्या बोलण्यात कसलाही रोख नसतो. त्यांना प्रवास म्हणजे चार अनोळखी माणसांच्या सोबतीने केलेली वाटचाल असेच ठाऊक आहे, आणि अलीकडे मलाही तसेच वाटू लागले आहे.

मी स्वतः मंगळवेढ्यात अकरा वर्षे नोकरी केली आणि ती सगळी वर्षे सोलापुरात राहून, आमच्याकडे ज्याला अपडाऊन म्हणतात, तसे रोजचे जाणे-येणे केले. जाताना सुमारे ५५ किलोमीटर आणि येताना तेवढेच. त्या काळात बस ही माझ्या दृष्टीने आवडीची गोष्ट नव्हती. सकाळी डबा भरून, मुलीची वेणी घालून, पदर खोचून गाठायची ती एक वेळ होती, आणि गाडी चुकली की हजेरीपटावर लाल शेरा ठरलेला असे. बदली होऊन सोलापुरात आले तेव्हा सुटले एकदाची, असेच वाटले. पण पुढच्या पावसाळ्यात रजेच्या एका दिवशी, मंगळवेढ्यात काही काम नसताना, मी स्टँडवर गेले आणि मंगळवेढ्याच्या गाडीत जाऊन बसले. कामती मागे पडल्यावर ध्यानात आले की अकरा वर्षे रोज पाहिलेली ही वाट मी घड्याळाकडे बघत पाहिली होती, आणि ती नीट पाहायची अजून राहूनच गेली होती. त्या दिवसापासून बसचा प्रवास मी स्वतःच्या आनंदासाठी करते.

हा आनंद गाडी सुटण्याच्या बराच आधी सुरू होतो. आम्ही पाऊण तास लवकर निघतो, कारण आबांना स्टँडवर थांबायला आवडते. सोलापूरचे स्टँड म्हणजे तीन राज्यांचा उंबरठा आहे. एका फलाटावर तुळजापूर, बार्शी, अक्कलकोट अशा पाट्यांच्या आपल्या लाल गाड्या उभ्या असतात, तर पलीकडे विजयपूर, कलबुर्गी आणि हैदराबादच्या गाड्या कानडी आणि तेलुगू अक्षरांच्या पाट्या लावून येतात. आबा तरुणपणी गिरणीत कामाला होते आणि त्यांच्या खात्यात निम्मे लोक कानडी आणि तेलुगू बोलणारे होते. बोलणे त्यांनी त्या सोबत्यांकडून उचलले, पण कानडी वाचायला ते या स्टँडवर शिकले. गावाकडची गाडी यायला वेळ असला की ते विजापूरच्या गाडीची पाटी न्याहाळत उभे राहत. गावाचे नाव माहीत असल्यामुळे कोणते अक्षर कशासाठी आहे हे ते ताडत आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाटीवर ते पडताळून पाहत. आपल्या गावाला कानडीत ‘सोल्लापुर’ म्हणतात आणि त्यात ‘ल’ला ‘ल’ जोडलेला असतो, हे त्यांनी मला मी तिसरीत असताना गाडीच्या कपाळाकडे बोट दाखवून शिकवले होते. आजही पाटी दिसली की त्यांचे ओठ हलतात आणि वाचून झाले की ते समाधानाने मान डोलावतात.

तेवढ्यात वाहतूक नियंत्रकाचा आवाज ध्वनिक्षेपकातून येतो. त्या आवाजाला एक ठरलेली लय असते: गाडी कुठून सुटणार, कोणकोणत्या गावांवरून जाणार, कोणत्या फलाटावर उभी आहे, हे सगळे एका दमात, आणि मग तेच पुन्हा एकदा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली अशी गावे ओळीने कानावर पडली की आपल्याला जायचे नसलेल्या गावांचाही चेहरा डोळ्यांपुढे येतो. घरी बसून वेळापत्रक वाचण्यात ही गोडी नाही.

गाडी फलाटाला लागली की जागा धरण्याची धांदल उडते. खिडकीतून रुमाल, टोपी, क्वचित लहान मूलच आत सरकवण्याची पद्धत अजूनही आहे आणि सीटवर रुमाल पडला की ती जागा त्या माणसाची, हा कुठेही न लिहिलेला कायदा बहुतेक लोक मानतात. मंगळवेढ्याची वाट सोलापूरहून नैर्ऋत्येकडे जाते, त्यामुळे सकाळच्या गाडीत डाव्या बाजूला ऊन येते. हिवाळ्यात आम्ही म्हणून डावीकडची खिडकी धरतो आणि फेब्रुवारी सरला की उजवीकडची. चाकावरची सीट आम्ही टाळतो, कारण तिथे पाय दुमडून बसावे लागते आणि आबांचे गुडघे आता ते सहन करत नाहीत. ज्यांना हे सगळे ठाऊक असते ते लोक गाडीत चढताच एका नजरेत जागा हेरतात. त्यांना न विचारताही आपण समजून जावे की हे नेहमीचे प्रवासी आहेत.

साध्या बसची खिडकी ही मला माणसाने केलेल्या फार चांगल्या वस्तूंपैकी एक वाटते. दोन सरकत्या काचा, त्यांच्यामध्ये थोडी फट, आणि फटीमुळे गाडी चालू झाल्यावर होणारा खडखडाट. हा खडखडाट थांबवण्याचा उपाय प्रत्येकाला येतो: जुने तिकीट किंवा वर्तमानपत्राचा तुकडा चौघडी करून काचेच्या आणि चौकटीच्या मध्ये खोचायचा. आबा त्यासाठी खिशात पोस्टकार्डाच्या कागदाचे तुकडे बाळगतात. उतरताना तुकडा ते तसाच ठेवून येतात, पुढे बसणाऱ्यासाठी. काचेचा गोंगाट थांबला की इंजिनाचा घुमारा तेवढा राहतो आणि खिडकीवर टेकलेल्या कोपरातून तो अंगात उतरतो. सकाळी साडेसातच्या सुमाराला सोलापूर मागे टाकताना त्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला एप्रिलमध्येसुद्धा गारवा असतो. दहा वाजल्यानंतर तोच वारा तव्यावरून आल्यासारखा लागतो, हे आमच्या जिल्ह्यातल्या कोणाला सांगायला नको.

या खिडकीची खरी देणगी म्हणजे तिची उंची. चारचाकीत बसल्यावर आपले डोळे बांधाच्या पातळीला असतात. बाभळीचे कुंपण, दुकानांच्या भिंती आणि पुढच्या वाहनाची पाठ एवढेच दिसते. बसमध्ये आपण त्या सगळ्याच्या वर असतो. कुंपणापलीकडची ज्वारी किती हाताची झाली आहे, कोणाच्या अंगणात कडब्याची गंजी रचली आहे, कोणी डाळिंबाची बाग काढून टाकून ऊस लावला आहे, हे सगळे बसल्या जागी कळते. रस्त्यालगतच्या दोन विहिरी तर आबांच्या खास ओळखीच्या आहेत. गाडी त्यांच्याजवळून जाताना ते सीटवरून थोडे उठतात आणि कठड्याच्या आत नजर टाकतात. “अजून चार परस पाणी हाय,” असे म्हणाले की त्या महिन्याची त्यांची काळजी मिटते. शेती सोडून त्यांना साठ वर्षे होत आली. पाण्याची चौकशी मात्र सुटलेली नाही.

तोपर्यंत वाहक आमच्यापर्यंत पोहोचलेले असतात. लहानपणी त्यांच्या हातात पत्र्याचा ट्रे असे, त्यात वेगवेगळ्या किमतींच्या आणि रंगांच्या तिकिटांच्या गड्ड्या, आणि ते पंचिंगचा चिमटा ट्रेच्या कडेवर वाजवत यायचे. तो टकटक आवाज जवळ आला की बायका कमरेच्या पिशवीची दोरी सोडू लागत. आता यंत्रातून कागदी पट्टी निघते आणि पैसे फोननेही देता येतात, त्यामुळे सुट्ट्या पैशांवरून होणारी जुनी बोलाचाली बरीच कमी झाली आहे. पूर्वी सुट्टे नसले की वाहक तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देत आणि उतरताना आठवणीने मागून घ्यावी लागे. तो आकडा लिहिलेले तिकीट मुठीत धरून मी कितीतरी वेळा झोपून गेले आहे.

एसटीच्या हिशेबात भाडे टप्प्याने मोजतात आणि एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. आबा म्हणतात, मंगळवेढा म्हणजे नऊ-दहा टप्पे. त्यांचा जन्म १९४७ चा, म्हणजे ते एसटीहून एका वर्षाने मोठे आहेत, कारण पुणे आणि नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी. २०२२ साली त्यांना ७५ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२३ पासून, महिलांना निम्मे तिकीट झाले. त्यामुळे आम्हा दोघांचे मिळून आता अर्धेच तिकीट लागते. पहिल्यांदा वाहकांनी आबांचे आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट दिले, तेव्हा ते कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “फुकट असलं तरी तिकीट हातात देत्यात, हे लई बरं केलं.” हातात तिकीट असलेला माणूस हा प्रवासी असतो, कोणाच्या मेहेरबानीने बसलेला नसतो, असे त्यांना म्हणायचे होते. मला ते पटले. निम्म्या तिकिटामुळे माझ्या ओळखीच्या किती बायका माहेरी, देवाला, दवाखान्यात एकट्या जाऊ लागल्या आहेत, हे मी या गाडीत दर महिन्याला पाहते. त्यांच्यापैकी काही जणींनी आपले तिकीट आपल्या हाताने काढण्याची ही पहिलीच वेळ असते, आणि त्या गावाचे नाव जरा मोठ्याने सांगतात.

गाडीचा कारभार घंटेवर चालतो. छताखालून गेलेली दोरी वाहकांनी एकदा ओढली की थांबायचे आणि दोनदा ओढली की निघायचे. या दोन खुणांवर चालक आणि वाहक आयुष्यभर एकमेकांशी बोलतात. आबा गाडीत अर्धवट झोपेत असले तरी दोन टोल पडले की त्यांचा हात आपोआप पुढच्या सीटच्या दांडीवर जातो. त्या दांडीचा रंग मधोमध उडून खालचे लोखंड गुळगुळीत, चकचकीत झालेले असते, आणि तिथे हात ठेवला की अगोदर तिथे हात ठेवून गेलेल्या सगळ्यांच्या जागी आपण बसलो आहोत असे मला वाटते.

सोलापूर सोडले की देगाव, मग तिऱ्हे. तिऱ्ह्याला सीना नदी ओलांडायची. पुढे कामती, मग बेगमपूर, आणि तिथे भीमा. एवढ्या छोट्या प्रवासात दोन नद्या ओलांडायच्या आणि त्या दोन्ही खाली हत्तरसंग-कुडलला एकमेकींना मिळतात, हे ज्ञान मला शाळेत झाले नव्हते; ते आबांनी पुलावरून जाताना दिले. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी शिलालेख आहे आणि मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. बसच्या खिडकीतून तो दिसत नाही, पण सीनेच्या पुलावर मला त्याची आठवण येते आणि भीमेच्या पुलावर पुन्हा येते.

भीमेवर गाडी आली की गाडीतले बोलणे कमी होते. यात माझी कल्पना नाही. अकरा वर्षे मी हे पाहिले आहे. नदीला पाणी असले तर लोक पाणी पाहतात, नसले तर वाळू पाहतात, आणि खूपशा बाया हात जोडतात, कारण हीच नदी वरच्या अंगाला पंढरपुरात चंद्रभागा होऊन विठोबाच्या पायाशी वाहून आलेली आहे. उजनीतून पाणी सोडले असेल तर पात्र काठोकाठ भरलेले असते आणि गाडीत लगेच त्याची चर्चा सुरू होते: कधी सोडले, बंधारा भरला का, मोटारी चालू आहेत का. पूल ओलांडला की माचणूर, नदीकाठचे सिद्धेश्वराचे देऊळ, आणि त्यापुढे ब्रह्मपुरी. या ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे पडली होती. त्या छावणीच्या जागेवरून आज शाळेची पोरे पाठीवर दप्तर घेऊन गाडीत चढतात, ‘पास हाय’ म्हणून हात वर करतात आणि दारापाशीच उभी राहून टाळ्या देत गप्पा मारतात. पुढे मंगळवेढ्यापर्यंत काळी जमीन पसरलेली. दामाजीपंतांच्या या तालुक्याची ज्वारी पूर्वीपासून नावाजलेली. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जानेवारीत त्या रानातून वाऱ्याबरोबर खिडकीत येणारा ज्वारीचा वास ज्याने घेतला आहे, त्याला वातानुकूलित गाडीची बंद काच आवडणे कठीण आहे. लांबच्या, रात्रीच्या प्रवासाला मीही तसल्या गाडीने जाते आणि तिथे झोप चांगली लागते. त्याहून अधिक काही सांगण्यासारखे त्या प्रवासांतून माझ्याजवळ उरलेले नाही.

माणसांबद्दल लिहायचे तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. अपडाऊनच्या काळात मी पुष्कळ दिवस उभ्याने प्रवास केला. उभ्या माणसाने बसलेल्या माणसाला ‘एवढी पिशवी धरता का जरा’ असे म्हणायचे आणि बसलेल्याने काही न बोलता ती मांडीवर घ्यायची, ही आमच्या गाडीतली रीत होती. त्यामुळे बसायला जागा मिळाली की मांडीवर तीन अनोळखी पिशव्या यायच्या, आणि थंडीत त्यांतल्या डब्यांची ऊब साडीतून लागायची. कोणाच्या डब्यात शेंगाचटणी आहे, कोणाच्या डब्यात मेथी, हे वासाने समजे. एकदा कामतीला चढलेल्या एका तरुण बाईने तिचे सात-आठ महिन्यांचे बाळ माझ्या हातात दिले, कारण तिच्या दोन्ही हातांत सामान होते आणि गाडीत पाय ठेवायलाही जागा नव्हती. बाळ माझ्या खांद्यावर डोके ठेवून मंगळवेढ्यापर्यंत झोपले. मी त्या बाईचे नाव विचारले नाही, तिनेही माझे विचारले नाही. उतरताना तिने बाळ घेतले, त्याच्या लाळेने ओला झालेला माझा खांदा आपल्या पदराने पुसला आणि म्हणाली, “अक्का, तुमच्याकडं बरं ऱ्हायलं की ओ, परक्याकडं जात न्हाय ते.” त्या दिवशी कार्यालयात मी कोणावरही रागावले नाही, हे मला स्पष्ट आठवते.

रस्ता चौपदरी होण्याआधीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डिसेंबरचे दिवस होते, गाळप हंगाम जोरात होता आणि संध्याकाळी परतताना बेगमपूर आणि कामतीच्या मधे उसाची एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली. कोणाला इजा झाली नव्हती, पण दोन्ही बाजूंनी वाहनांची रांग लागली आणि अंधार पडू लागला. आमच्या चालकांनी इंजिन बंद केले. थोडा वेळ सगळे चुळबुळत बसले, मग एकेक जण खाली उतरला. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीचा असेल. तो डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसला होता. आमच्या गाडीतल्या एका वयस्कर माणसाने धोतराचा काचा मारला आणि त्याला म्हणाले, “ऊठ लेका, बसून काय हुतंय? मोळ्या उचलाय लाग.” पाहता पाहता चाळीस माणसे उसाच्या मोळ्या हातोहात रस्त्याच्या कडेला लावू लागली. वाहकही खांद्यावरची पैशांची पिशवी चालकांकडे देऊन त्यात शिरले. मी आणि शाळेतल्या दोन शिक्षिका फोनचे दिवे धरून उभ्या होतो. दीड तासाने एक गाडी जाईल एवढी वाट झाली. त्या पोराने प्रत्येकाला एकेक कांडे घ्यायला लावले, नाही म्हणू दिले नाही, आणि पुढचा सगळा प्रवास गाडीत ऊस सोलण्याचा आवाज चालला होता. रात्री दहाला घरी पोहोचले तेव्हा आई दारात उभी होती आणि माझ्या तळहातांना उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे होते. चारचाकीत असते तर काचा वर करून मीही रांगेत बसून राहिले असते, यात मला शंका नाही.

बसमध्ये आपल्याला काहीच करायचे नसते. वाट चालकांना ठाऊक असते, थांबे वाहकांना. आपले हात मोकळे असतात आणि मनही हळूहळू मोकळे होते. घरी अनेक दिवस अडलेले बोलणे या मोकळेपणात सहज बाहेर येते. आई गेल्यानंतर आबा घरात तिच्याविषयी बोलत नसत. मंगळवेढ्याच्या गाडीत, एका रविवारी, माचणूरच्या जवळ, त्यांनी बाहेर पाहतच मला सांगितले की लग्नानंतर ते दोघे पहिल्यांदा सोलापूरला आले ते याच वाटेने, आणि आईला गाडी लागू नये म्हणून त्यांनी तिला खिडकीशी बसवून हातात लिंबू दिले होते. “सोलापूर येईस्तवर तिनं ते लिंबू सोडलं न्हाई,” ते म्हणाले. समोरासमोर बसून हे त्यांना सांगता आले नसते. बसमध्ये दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात आणि मधे मधे वाहक येतात, गाव येते, कोणी ‘सरकता का’ म्हणते. त्या खंडांमुळे बोलणाऱ्याला पुढचे वाक्य शोधायला वेळ मिळतो.

आत्याकडे आम्ही जेवतो, आबा आणि आत्या लहानपणीच्या त्याच त्या गोष्टी नव्याने सांगतात, आणि उन्हे उतरली की ती आम्हाला स्टँडवर सोडायला येते. पायली-दोन पायली ज्वारी पिशवीत घातल्याशिवाय ती निघू देत नाही. ती पिशवी मी सीटखाली सरकवते आणि गाडी वळणावर झुकली की ती पायाला लागून आपली हजेरी देते. परतीच्या गाडीत बहुतेक लोक पेंगतात. तिऱ्हे गेले की अंधारात सोलापूरचे दिवे दिसू लागतात.

घरी आल्यावर आबा हातपाय धुऊन खिशातले तिकीट काढतात आणि पत्र्याच्या एका जुन्या डब्यात ठेवतात. गिरणीच्या दिवसांतली गुलाबी, पिवळी, हिरवी तिकिटे त्या डब्यात आहेत आणि त्यांच्यावरचे छापील आकडे अजून स्वच्छ वाचता येतात. यंत्रातून निघालेल्या आताच्या तिकिटांची अक्षरे काही महिन्यांत पुसट होऊन कागद कोरा पडतो. म्हणून आबा झोपण्यापूर्वी चष्मा लावतात आणि त्या शून्य रुपयांच्या तिकिटाच्या पाठीवर बॉलपेनने तारीख, गाडीचा नंबर आणि भीमेला पाणी किती होते ते लिहून ठेवतात. गेल्या खेपेच्या तिकिटावर त्यांनी लिहिले आहे: पात्र भरून, खिडकी डावी.